वासराचा वाटा

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. आमचा दूधवाला सकाळी नेहमीच्या दुधाबरोबर एक झाकलेली बरणी ठेवून गेला. बरणीत चीक होता. गाय व्याली की चार ओळखीच्या घरी चीक पोचविण्याची रीत त्याने आपल्या वडिलांमागे चालू ठेविली आहे, आणि त्याचे पैसे घेताना तो अजूनही थोडा संकोचतो. दुपारी गूळ, वेलदोडा व जायफळ यांचा दरवळ घरभर सुटला आणि खरवसाच्या वड्या पानात आल्या. योगायोगाने आमचा एक जुना विद्यार्थी त्या दिवशी भेटीस आला होता. त्याने आमच्यापाशी दोन वर्षे तर्कशास्त्राचा अभ्यास केला, पुढे नोकरी मिळाली नाही, आणि आता तो पैठण तालुक्यात वडिलांच्या जमिनीवर वीस-बावीस संकरित गाई पाळून आहे. खरवसाची बशी पुढे येताच त्याने ती हळूच बाजूस सारली व विचारले, “सर, हा चीक पहिल्या दिवसाचा, का तिसऱ्या?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. प्रश्न कसा विचारावा हे मुलांस शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली; पन्नाशी उलटेपर्यंत आम्ही खरवस आवडीने खाल्ला; पण हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस तो सुचला नसावा अशी आमची समजूत आहे, म्हणून त्या दिवशी व त्यानंतर जे कळले ते प्रथम सांगतो.

मनुष्याचे मूल जन्मास येते तेव्हा रोगांशी झुंजणाऱ्या द्रव्यांचा काही साठा आईच्या रक्तातून घेऊनच येते. गाईची रचना निराळी आहे. तिच्या उदरातील पडदे असे आहेत की त्यांतून ही द्रव्ये गर्भापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे वासरू या बाबतीत अगदी निष्कांचन जन्मते. त्याचा सारा वारसा चिकात साठविलेला असतो. बरे, हा वारसा स्वीकारण्याची मुदतही फार थोडी. नवजात वासराच्या आतड्यांतून ती द्रव्ये जशीच्या तशी रक्तात उतरू शकतात ती पहिल्या काही तासांतच. तासागणिक ती दारे मिटत जातात आणि सुमारे २४ तासांनी बंद होतात. त्यानंतर वासरास घागरभर चीक पाजला तरी तो पोटास उपयोगी पडेल, रक्तात जाणार नाही. म्हणून वासराच्या वजनाच्या दशांशाइतका चीक, म्हणजे २५ ते ३० किलोच्या वासरास अडीच ते तीन लिटर, पहिल्या दिवसातच पोटात गेला पाहिजे, आणि त्यातील निम्मा पहिल्या दोन-तीन तासांत, असे पशुवैद्य सांगतात.

आता आपल्याकडील समजूत पाहा. जार पडल्यावाचून वासरास आचळाशी लावू नये, असे पुष्कळ गावांतून अद्यापि मानतात. जार पडावयास कधी आठ तास लागतात, कधी बारा. तेवढा वेळ ते पोर भुकेले ओरडत राहते आणि त्याची दारे मिटत जातात. गमतीची, किंवा दुःखाची म्हणा, गोष्ट ही की वासराने आचळ चोखल्याने गाईच्या शरीरात जे द्रव्य स्रवते त्यानेच गर्भाशय आकुंचन पावून जार लवकर सुटते. म्हणजे ज्याची वाट पाहत बसावयाचे त्याचे कारणच दूर बांधून ठेवावयाचे! आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात हेत्वाभासाचे उदाहरण म्हणून हे आम्ही यापुढे देणार आहो.

खरवसावर मात्र सरसकट आरोप ठेवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दिवसाला आठ-दहा लिटर चीक देणाऱ्या संकरित गाईचे वासरू पोटभर पिऊनही बराच चीक उरतो, आणि तिसऱ्या दिवसाच्या चिकाची ती मूळची शक्ती पुष्कळ कमी झालेली असते. परंतु घरच्या थोड्या दुधाच्या गाईचा पहिल्या दिवसाचा चीक ज्या बशीत आला त्या बशीत एका वासराचे आयुष्य आले नाही असे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे? आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा रोख हा होता. तो बशी सारून भांडला नाही, फक्त म्हणाला, “एकदा गोठ्यावर या, सर.”

त्याप्रमाणे भाद्रपदात एका रविवारी आम्ही गेलो. गोठा पाहून मन प्रसन्न झाले असेच लिहिले पाहिजे. कालवडींची स्वतंत्र रांग, प्रत्येकीची जागा कोरडी, खाली वाळलेला पेंढा, पाण्याची भांडी घासलेली. जन्मल्याबरोबर नाळेस टिंक्चर आयोडीन लावावयाचे, कारण ओली नाळ हाच जंतूंचा पहिला दरवाजा. दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचे औषध. चार महिन्यांची झाली की लाळ्या-खुरकूताची लस व महिन्याने तिचीच पुन्हा मात्रा. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस, ती जन्मात एकदाच. हा ब्रुसेला गाभण गाईचा गर्भ पाडतो आणि कच्च्या दुधातून व जारेच्या संपर्कातून माणसासही दीर्घकाळचा ताप आणतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्याने माल्टा बेटात त्याचा जंतू शोधला, म्हणून त्यास माल्टा-ताप असेही नाव आहे. लहान वासरांचे दोन मोठे शत्रू म्हणजे हगवण आणि फुप्फुसांचा दाह. दोन्हींवर औषधे आहेत. तथापि आमचा विद्यार्थी म्हणतो की बाटलीतल्या औषधापेक्षा कोरडी जमीन, धुतलेली बादली व वेळेवर पाजलेला चीक यांनी त्याचा खर्च अधिक वाचविला. २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्याच्या बाजूने महाराष्ट्रात लम्पी शिरली तेव्हा त्याने शेळ्यांच्या देवीची लस सर्व जनावरांस टोचून घेतली होती. त्याचे एक जनावर गेले. शेजाऱ्याची चार गेली.

हे सर्व पाहून आम्ही त्याची पाठ थोपटणार तोच दृष्टी गोठ्याच्या पलीकडे गेली. लिंबाच्या झाडाखाली आखूड दाव्याने एक गोऱ्हा बांधला होता. वय तीन आठवडे असावे. बरगड्या मोजता येत होत्या. तो ओरडत नव्हता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने आमच्या धोतराचा सोगा तोंडात धरून चोखावयास आरंभ केला.

विद्यार्थ्याने मान खाली घातली. “खोटं सांगत नाही, सर. चीक त्यालाही पोटभर पाजला. पण मग हिशेब सुरू होतो. रोज ३ लिटर धरा, ६० दिवस. १८० लिटर झालं. ३० रुपयांनी ५४०० रुपये. कालवड ते दोन-सव्वादोन वर्षांनी परत करते. हा काय परत करणार? नांगराला ट्रॅक्टर आहे. वशिंड नाही, त्यामुळं जू नीट बसत नाही. विकावा तर घेणारा कोण? गोशाळेत जागा नाही. मी मारत नाही, सर. देववत नाही इतकंच.”

‘मारत नाही; देववत नाही इतकंच.’ या दोन वाक्यांत जो नीतीचा प्रश्न गुंतलेला आहे तो सोडविण्यास आम्ही परतीच्या वाटेवर बसलो, आणि तो अद्यापि पुरता सुटलेला नाही.

कायद्याची बाजू पाहावी तर ती वरवर भक्कम आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४८ व्या कलमात गाईंबरोबर वासरांचा स्पष्ट नामोल्लेख आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईची व तिच्या वासराची हत्या बंद केली, व २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने ते संरक्षण वळू व बैल यांच्यापर्यंत नेले. सुरी उगारणारास शिक्षा आहे. परंतु ज्याने सुरी उगारली नाही, केवळ बादली पुढे केली नाही, त्याचे काय? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पाळीव जनावरास पुरेसे अन्नपाणी न देणे हा अपराध म्हटला आहे खरा. पण पहिल्या अपराधास दंड १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत! ५४०० रुपयांच्या दुधापुढे हा दंड किती वजनाचा ठरावा? त्याहून चमत्कारिक गोष्ट सांगतो. लम्पीच्या साथीत २०२२ मध्ये सरकारने मेलेल्या दुभत्या जनावरास ३०,०००, ओढकामाच्या जनावरास २५,००० व वासरास १६,००० रुपये भरपाई ठरविली. म्हणजे मेलेल्या वासरास किंमत आली. लिंबाखालच्या जिवंत गोऱ्ह्यास काही नाही.

मारणे व मरू देणे यांत भेद आहे, असे पुष्कळ नीतिवेत्ते मानतात, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. रस्त्यावरील अनोळखी भुकेल्यास आम्ही अन्न दिले नाही म्हणून आम्ही खुनी ठरत नाही. पण दाव्याने बांधलेल्या प्राण्यास हा न्याय लागू पडतो काय? त्या गोऱ्ह्याची आई दहा हातांवर उभी आहे, तिच्या कासेत त्याच्यासाठीच उतरलेले दूध आहे, आणि मध्ये आमचे दावे आहे. दावे सोडले तर तो स्वतःच जाऊन पिईल. तेव्हा येथे आम्ही ‘देत नाही’ हे म्हणणे बरोबर नव्हे. त्याचे आहे ते आम्ही अडवितो. ज्याने वाट अडविली त्याने ‘मी काही केले नाही’ असे म्हणू नये.

१९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी विचारान्ती वैद्याकडून त्यास विषाची सुई देववून त्याच्या यातना संपविल्या व तसे आपल्या पत्रांतून उघड लिहिले. देशभर गहजब झाला, रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींचे करणे योग्य की अयोग्य यावर आजही मतभेद होऊ शकेल. आमचे मत त्यांच्या बाजूस झुकते. परंतु आमच्या मनात येते ते निराळेच. एका वासराच्या दयामृत्यूने ज्यांची अंतःकरणे इतकी पेटली, त्यांच्याच घरी त्या सकाळी दूध कोठून आले होते? मुंबई-कलकत्त्याच्या तबेल्यांतून वासरे उपाशी मरत आणि त्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ती बाहुली म्हशीपुढे पान्ह्यासाठी उभी करीत, ही त्या काळी गुप्त गोष्ट नव्हती. कलकत्त्याच्या गवळ्यांचा फुक्याचा अघोरी प्रकार कानी आला, हे गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडण्याच्या कारणांपैकी एक होते. पुढे जीवघेण्या आजारानंतर त्यांनी बकरीचे दूध घेतले, आणि आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा नव्हे, ही बोच त्यांना राहिली. महात्म्यास जे जड गेले ते चहावाचून सकाळ न उजाडणाऱ्या आम्हां प्राध्यापकास सुलभ होईल असा बहाणा आम्ही करीत नाही.

कांटच्या मते पशूंविषयी आपले कर्तव्य हे वस्तुतः मनुष्याविषयीचेच कर्तव्य आहे. जो कुत्र्याशी निष्ठुर तो हळूहळू माणसाशी निष्ठुर होतो, एवढ्यासाठी पशूशी मृदू असावे. बेंथॅमने १७८९ च्या आपल्या ग्रंथातील एका तळटीपेत हा पाया बदलला व प्राण्यास बुद्धी वा वाणी आहे काय हे पाहू नका, त्यास वेदना होते काय ते पाहा, असे सुचविले. तळटीपेतील हा एक परिच्छेद मोठमोठ्या प्रकरणांहून अधिक जगला. तथापि आमच्या गोठ्यातील प्रश्नास दोहोंचे उत्तर अपुरे पडते असे आम्हांस वाटते. आमचा विद्यार्थी निष्ठुर नाही; झालेलाही नाही. त्यास वेदना दिसते. ती पाहून तो मान खाली घालतो. उणीव दयेची नाही. दया हा मनाचा धर्म आहे. तो हिशेबाच्या वहीत कोठे लिहावयाचा हे त्यास सापडत नाही.

आमच्या मातोश्रींस हा सर्व प्रकार सांगितला तेव्हा त्या जे बोलल्या त्याने आमच्या विचारास वळण मिळाले. त्यांचे माहेर वैजापूरकडचे. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे तीन सड पिळायचे. चौथा वासराचा. गोऱ्हा असो की कालवड. आजोबा म्हणायचे, तो त्याचा वाटा.”

वाटा हा शब्द दयेहून फार वेगळा आहे. दया करणारा मोठा असतो व ती न करण्याची त्यास मोकळीक असते. वाटा द्यावयाचा असतो, कारण तो मुळी आपला नसतो. भावाचा वाटा देताना कोणी त्यास दान म्हणत नाही. चौथा सड सोडणाऱ्या त्या आजोबांनी बेंथॅम वाचला नव्हता, पण हिशेबाच्या वहीत प्रारंभीच एक रेघ ओढून ठेविली होती, आणि नफातोटा तिच्या खालून मांडावयाचा होता.

अर्थात जुन्या काळाचा गौरव करताना हात आखडता घेणे बरे. देवणी किंवा लाल कंधारी गाईचा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. लातूर-नांदेडकडे त्या बैलांच्या जोड्या बाजारात मिरवीत. तो चौथा सड सुखाने सोडला जाई याचे अर्धे कारण पोळ्याच्या दिवशी दिसे. ज्याचा शेतीस तितका उपयोग नव्हता त्या म्हशीच्या रेडकाची स्थिती तेव्हाही हलाखीचीच होती. पैठणास ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले ही कथा आपण सात शतके कौतुकाने सांगत आलो. पण त्याच पैठणाच्या पंचक्रोशीत रेडकू जन्मले की घरधन्याचे तोंड उतरते. म्हणून आमच्या पूर्वजांची अंतःकरणे कोमल होती व आमची कठीण झाली, असे आम्ही म्हणणार नाही. गाईचे रक्त बदलले, नांगराचे यंत्र बदलले, आणि जो प्रश्न पूर्वी म्हशीच्या दावणीला होता तो गाईच्या दावणीला आला, एवढेच.

विज्ञानाने याही प्रश्नावर एक तोड काढली आहे. निवडलेल्या वीर्यमात्रा वापरल्या तर शंभरांत सुमारे नव्वद कालवडीच जन्मतात. ही सोय आम्हांस तुच्छ वाटत नाही. जो जन्मलाच नाही त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. आमच्या विद्यार्थ्यानेही त्या मात्रा सुरू केल्या आहेत. पण उरलेल्या दहांचे काय, असे विचारल्यास उत्तर मागलेच.

या दहांत आमचा, म्हणजे शहरात पिशवीतील दूध घेणाऱ्याचा, संबंध काय, असे कोणी म्हणेल. दुधाचा दर स्निग्धांश व अन्य घनांश यांवर ठरतो. यंत्रात नमुना घातला की आकडा येतो. वासराने किती प्याले हे त्या यंत्रास कळत नाही, आणि ज्याने चौथा सड सोडला त्यास ज्याने सोडला नाही त्याच्याइतकाच भाव मिळतो. स्वस्त दूध हवे म्हणून आम्ही ओरड करतो, लिटरमागे दोन रुपये वाढले की वर्तमानपत्रांस पत्रे लिहितो (आम्ही स्वतः एक लिहिले आहे), आणि तोच दुधाचा ग्लास हाती घेऊन शेतकऱ्याच्या निर्दयतेवर व्याख्यान देतो. त्या दाव्याचे एक टोक लिंबाच्या झाडास होते. दुसरे कोठवर आले आहे हे पाहण्याचे धैर्य आम्हांस त्या रविवारपर्यंत झाले नव्हते.

आणखी एक जुने देणे आहे. जेनरने १७९६ मध्ये गाईच्या देवीवरून मनुष्यास टोचण्याची युक्ती काढली. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीस ती पहिल्याने टोचली गेली. आणि पुढे दीर्घकाळ ही लस वासरांच्या खरडलेल्या कातडीवर वाढवून काढीत. आमच्या पिढीच्या दंडावरील ते वण कोणाच्या कातडीतून आले हे शाळेत कोणी शिकविले नाही. अपत्यप्रेमास आपल्या भाषेत ‘वात्सल्य’ म्हणतात. तो शब्दही वत्सावरूनच आला. वसुबारसेस सवत्स गाईची पूजा होते, एकट्या गाईची नव्हे, आणि त्या दिवशी आमच्या घरच्या बायका दूधदुभते वर्ज्य करतात. एक दिवस तरी वासराचा वाटा पुरता त्यास मिळावा हा मूळ हेतू असेल काय? निश्चित सांगता येत नाही, पण तसा असावा असे मानावयास आम्हांस आवडते.

परत आल्यावर आम्ही विद्यार्थ्यास ५४०० रुपये पाठविण्याची तयारी केली व तसे कळविले. त्याने दूरध्वनीवरून नम्रपणे नकार दिला. “ह्याचे तुम्ही द्याल, सर. पुढच्याचे कोण देणार?” आम्हांस राग आला, मग लाज वाटली, त्याचे तर्कशास्त्र निर्दोष होते. चार दिवसांनी त्याचाच दूरध्वनी आला. आमच्या मातोश्रींचे बोलणे त्याने घरी सांगितले होते, आणि त्याच्या वडिलांनी ऐकून घेऊन गोऱ्ह्याचे दावे सोडले होते. यंत्राने धार काढतात ती तीन सडांची. चौथा तसाच ठेवतात व मागून गोऱ्ह्यास लावतात. “महिन्याला किती तोटा होतो ते लिहून ठेवतोय, सर. किती दिवस जमेल ते सांगत नाही.”

दिवाळीत, वसुबारसेच्याच सकाळी, आमचा दूधवाला पुन्हा झाकलेली बरणी घेऊन दारी आला. या वेळी आम्ही विचारले, “कितव्या दिवसाचा?”

“दुसऱ्या, साहेब. तुमच्यासाठीच राखून ठेवला.”

“आणि वासरू?”

“गोऱ्हा होता. रात्रीच गेला.” त्याने बरणी पुढे केली. “आता सांडण्यापेक्षा घ्या.”

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. मातोश्री आत गेल्या. आम्ही बरणी घेतली, पैसे दिले, आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेविली. दिवेलागणीपर्यंत ती तेथेच होती.